दुसरीतल्या मुलाला गणिताची गोडी लागावी म्हणून घरी कोणते उपक्रम घ्यावेत? कोणतं किट चांगलं?

वजाबाकी दिसली की मुलगा वही मिटतो, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्या एका वाक्यासाठी उत्तर द्यायला बसले.

तिसरीत असताना मी ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहिलं होतं. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. बाईंनी माझी वही वर्गभर फिरवली. ‘दोनातून सात जातात का? शेजारून एक उसना घे,’ एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेजारी चार होता. त्याच्याकडून एक घेतला तर दोनाचे तीन व्हायला हवेत, बारा कसे झाले? मला पडलेला हा प्रश्न योग्य होता, असं मी आजही म्हणते. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. रीत पाठ केली, पास झाले, आणि सुटता आलं तेव्हा गणितातून सुटले.

मग एका मे महिन्यात दादाच्या मुलीने माझ्यासमोर तेच ३५ लिहिलं. दादा ओरडला, ‘पाढे पाठ नाहीत, म्हणून ही गत!’ पाढ्यांचा इथे काय संबंध? मी तिला घेऊन अंगणात गेले. जुना खराटा सोडला, हीर बोटभर कापले आणि दहा-दहा मोजून रबरबँड लावले. अख्खी दुपार गेली. एका गठ्ठ्यात अकरा निघाले तर तिने सगळे गठ्ठे पुन्हा मोजायला घेतले.

तिच्यापुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या ठेवल्या. म्हटलं, मला सतरा दे. तिने एक गठ्ठा दिला. मग दोन काड्यांकडे बघत बसली. ‘आत्या, सुट्टे नाहीत.’ मी गप्प. जरा वेळाने तिने दुसऱ्या गठ्ठ्याचं रबरबँड ओढलं, काड्या फरशीवर पसरल्या. बारा मोजल्या, सात माझ्या हातात दिल्या. उरले दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या. न सांगता उठली आणि वहीतलं ३५ खोडून आली.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की ‘उसना’ हा शब्दच मुलांना घोळात टाकतो. उसनं घेतलेलं परत करायचं असतं. इथे कोण काय परत करतं? आपण दशक मोडतो, दहाची नोट मोडावी तसा. ‘मोडला’ म्हणा. बेरजेतला ‘हातचा’ मात्र झकास शब्द आहे, कारण दहा काड्या बांधल्या की गठ्ठा खरोखरच हातात येतो.

सत्तेचाळीस ऐकून मूल ७४ लिहितं, तेही याच गठ्ठ्यांनी सुटतं. मराठीत आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा दादा आठवडाभर भाषा बुडाली म्हणत होता. त्याला मी तेव्हाही सांगितलं की गठ्ठे हाताळलेलं मूल दोन्ही तऱ्हेने वाचतं, आणि न हाताळलेलं दोन्हीकडे अडतं.

भाची चौथीत गेल्यावर लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अंक लिहून पत्ते केले. आम्ही नाशिकचे. इथल्याच देवळालीत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर गुरुजींनी १९४९ साली शोधलेला खेळ आहे. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्यात मोठी संख्या मांडा, लहानात लहान मांडा, वजा करा. आलेल्या अंकांचं पुन्हा तेच. शून्य आलं तरी ते चारातलंच धरा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच. तिने फाटकातल्या स्कूटरचा ४५२७ घेतला: ५०८५, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. बरोबर सात! दर उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी, म्हणून चूकही तिची तीच पकडायची. त्या संध्याकाळी तिने हौसेने दशक मोडत किती वजाबाक्या केल्या, दादाने मोजायला हव्या होत्या. तो तेव्हा तिला अबॅकसच्या क्लासला घालायच्या तयारीत होता.

किटचं विचाराल तर घेऊ नका. तयार मण्यांच्या दांड्यांत दहा मणी आधीच चिकटलेले असतात. बांधणं आणि मोडणं हेच शिकायचंय, ते त्यात होत नाही. अपूर्णांकांसाठी पोळी आहे, मापासाठी शिंप्याची टेप आहे.

हेही सांगते. मी एका मुलीला एका सुट्टीत शिकवलं. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना हे सोपं नाही, माझ्या बाईंनाही नसेल. आणि पाढे लागतातच. भागाकाराला भाची अडली ती पाढ्यांपायीच, तेवढं दादाचं खरं. पण पाढे काड्यांनंतर, आधी नव्हे, आणि ३५ लिहिलेल्या मुलावर ओरडून तर कधीच नव्हे. दादा हे वाचेल, म्हणून इथे लिहून ठेवते.

हीर कापताना टोकं घासून घ्या, बोटात कूस जाते.