नाशिकच्या साध्या कॉलेजातून मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये शिरता येतं का?

येतं, पण समोरच्या दाराने क्वचितच. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या बड्या फर्म फ्रेशर घेतात ते मुख्यतः आयआयटी, आयआयएम, आयएसबीच्या कॅम्पसवरून. त्या गंगापूर रोडवर येतील म्हणून वाट बघू नका. डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी या ऑडिट आणि कन्सल्टिंग दोन्ही करणाऱ्या कंपन्यांचा पसारा मोठा. तिथे सीनियरकडून रेफरल मिळवा, नाहीतर दोन वर्षं नोकरी करून कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, द्या.

खरी गाळणी म्हणजे केस इंटरव्ह्यू: धंद्यातली एक अडचण देऊन ती तिथल्या तिथे सोडवायला लावणारी मुलाखत. समजा विचारलं, द्राक्ष निर्यातदाराचा नफा घटलाय, का? लगेच 'अवकाळी' म्हणून मोकळे होऊ नका. (मी पहिल्यांदा तेच केलं होतं, समोरचा नुसता हसला.) आधी उत्पन्न आणि खर्च वेगळे करा. उत्पन्नात भाव पडला की माल कमी गेला? माल कमी, तर बागेतूनच कमी आला की पॅकहाउसमध्ये मण्यांच्या साइजवर बाद झाला? प्रत्येक पायरीला आकडा मागा. सराव मित्रासमोर, मोठ्याने बोलत आणि कॅल्क्युलेटरशिवाय.

जमलं तर सातपूर-अंबडच्या एखाद्या छोट्या कारखान्यात महिनाभर, बिनपगारी का होईना, स्क्रॅप किती निघतं नि का, ते मोजा. सीव्हीवर ऑनलाइन सर्टिफिकेटांऐवजी ते आकडे टाका.