फोन वायरलेस जोडता यावा म्हणून गाडीचं टॉप मॉडेल घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की फोन वायरलेस जोडता येतो म्हणून टॉप मॉडेलला लाखभर जास्त मोजावेत का, आणि रोजच्या वापरात ते कनेक्शन टिकतं का. मोजू नका. गावातल्या गावात टिकतं, पण मे महिन्यात लांबच्या रस्त्याला, नेमकी गरज असते तेव्हा तुटतं. आमच्या घरात हा वाद गाडी घेतल्यापासून चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा टॉवेल-चादरींचा धंदा आहे. कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडला, आणि पुण्यातल्या हॉटेलवाल्यांना माल दाखवायला मीच जाते. गाडी घेताना मला मधलं मॉडेल हवं होतं. एसीला फिरवायचे नॉब, खाली साधा यूएसबी, एवढं पुरे होतं. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, टॉपचाच हट्ट धरला. मोठी स्क्रीन, सनरूफ, वायरलेस चार्जर. सोलापूरच्या उन्हात सनरूफ कशाला, हे मी शोरूममध्येच विचारलं होतं. शिवाय त्या मॉडेलला एसीचा पंखासुद्धा स्क्रीनवर बोट लावूनच कमी-जास्त करायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात पुण्याला निघाले. मागे सासूबाई, डिकीत सॅम्पलचे गठ्ठे. टेंभुर्णीला जेवायला थांबलो, सावलीत जागा मिळाली नाही, गाडी तासभर उन्हात तापली. परत बसलो, फोन चार्जरच्या पॅडवर ठेवला, नकाशा आला. इंदापूरच्या अलीकडे नकाशा गायब आणि स्क्रीन गाडीच्या मूळ पानावर. परत आला, परत गेला. गाडी कडेला घेऊन फोन उचलला तर भाकरीच्या तव्यासारखा चटका बसला. तापमान वाढल्यामुळे चार्जिंग थांबवल्याची सूचना त्यावर आली होती. पुढे निघालो आणि गाडीची स्क्रीनच काळी पडली, मग कंपनीचं चिन्ह दाखवून पहिल्यापासून सुरू व्हायला लागली. तोवर एसीचा पंखा होता त्याच वेगावर अडकलेला. सासूबाईंना बीपीचा त्रास आहे. "अगं, वारा तरी वाढव," त्या म्हणत होत्या, आणि वाढवायला बटणच नव्हतं. भिगवणला झाडाखाली गाडी लावून त्यांना बाहेर बसवलं. ती दुपार मी विसरणार नाही.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, फोन जुना आहे. फोनच्या दुकानात म्हणाले, गाडीचं सॉफ्टवेअर खराब आहे. भाऊजी सर्व्हिस सेंटरच्या बाजूने. "वहिनी, नवा फोन घेऊन टाका, विषय संपला."

विषय संपत नाही. अँड्रॉइड ऑटो असो की आयफोनचं कारप्ले, म्हणजे फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय, स्क्रीनवर दिसणारा नकाशा गाडीत नसतोच, तो फोनमध्ये चालतो आणि स्क्रीन फक्त दाखवते. वायरलेसमध्ये ब्लूटूथवर नुसती ओळख पटते, नंतरचं चित्र आणि आवाज वाय-फायवरून जातो, बहुतेक वेळा ५ गिगाहर्ट्झच्या. म्हणजे फोन जीपीएस, मोबाइल डेटा आणि वाय-फाय एकदम चालवतो, त्यात वायरलेस चार्जिंग. त्या चार्जिंगमध्ये केबलपेक्षा जास्त वीज उष्णतेत जाते. वरून काचेतलं ऊन. मग फोन स्वतःला वाचवायला कामाचा वेग कमी करतो आणि जोडणी कोलमडते. ह्यात फोनच्या वयाचा संबंध नव्हता, हे मी दाखवून दिलं. त्याच फोनला चांगली केबल लावली, पॅडवरून काढून एसीच्या झोतासमोर अडकवला, आणि त्याच उन्हाळ्यात पुण्याला जाऊन आले. भाऊजी शेजारी बसले होते. नकाशा एकदाही गेला नाही.

केबल मात्र टोल नाक्यावरची घेऊ नका. साध्या यूएसबी केबलमध्ये ४ तारा असतात, २ विजेच्या आणि २ डेटाच्या. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा जोडलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, स्क्रीनवर काही येत नाही, आणि लोक गाडीला नावं ठेवतात. आखूड, डेटावाली घ्या. आणि फोनचं चार्जिंगचं भोक तपासा. माझ्या फोनमध्ये कारखान्यातल्या सुताची धूळ गच्च बसली होती. फोन बंद करून लाकडी टूथपिकने उकरल्यावर केबल नीट आत बसली.

नेट जाणं आणि कनेक्शन तुटणं हे वेगळं. नकाशा दिसतोय पण पुढचा रस्ता कोरा, तर नेट गेलंय; घरूनच त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. नकाशाच जाऊन गाडीचं मूळ पान आलं, तर जोडणी तुटली. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून अँड्रॉइड ऑटोला सूट द्या, नाहीतर फोनच ते बंद पाडतो. घरात दोन फोन जोडलेले असतील तर कोणता आधी लागावा तेही ठरवा. आमच्याकडे नवऱ्याचा फोन आधी लागायचा आणि माझे कॉल गाडीत न वाजता पर्समध्येच वाजत राहायचे.

राहिली बटणं. युरो एनकॅपने, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हझार्ड लाइट अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. एसी त्या यादीत नाही. आपल्याकडच्या उन्हात तो यादीत पहिला हवा.

हेही सांगते, केबलने माझा फोनचा प्रश्न सुटला, स्क्रीन काळी पडण्याचा नाही. ती वॉरंटीत बदलून घेतली, त्यासाठी बिघाड होत असतानाचा व्हिडिओ शेजारी बसलेल्याकडून काढून ठेवावा लागला. फोनचं मोठं अपडेट आलं की कधीकधी केबलवरही गडबड होते, तेव्हा लांब निघायच्या आदल्या रात्री अपडेट करू नका. आणि तुमचं फिरणं गावातल्या गावात, सात रस्ता ते नवी पेठ एवढंच असेल, तर फोन पर्समधून न काढता चालणारं वायरलेस खरंच सोयीचं आहे. पण त्यासाठी लाखभर रुपये नाहीत.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला घ्या, स्वतःचा फोन जोडून, निदान पाऊण तास. शोरूमवाला सकाळची वेळ देईल, घेऊ नका. भाऊजी पुढच्या वर्षी त्यांची गाडी बदलणार आहेत, त्यांच्यासाठीही मी दुपारचीच वेळ मागणार आहे.