सर्जनमासा ओळखायचा तर आधी जागा बघा

लक्षद्वीपला पहिल्यांदाच स्नॉर्कलिंग करणार असाल, तर रंगाच्या आधी मासा कुठे चरतोय ते पाहा. लगूनच्या (प्रवाळाच्या कड्याआडच्या शांत पाण्याच्या) उथळ भागात पांढुरक्या अंगावर 5-6 काळे उभे पट्टे दिसले, की तो कन्व्हिक्ट टँग नावाचा सर्जनमासा. निळं अंग, काळं तोंड, हनुवटीखाली पांढरं आणि पाठीवर पिवळा पर असा पावडर ब्लू सर्जनमासा प्रवाळाच्या माथ्यावर नि वरच्या उतारावर सापडतो. फार देखणा मासा!

लाटा फुटतात तिथे, 1 ते 3 मीटरवर, पिवळ्या-निळ्या आडव्या रेघांचा लाइन्ड सर्जनफिश असतो. स्वतःच्या शेवाळाच्या तुकड्यावरून तो इतरांना हुसकावतो. तिथे लाट तुम्हालाही प्रवाळावर आपटेल, म्हणून बाहेरूनच बघा. कुठल्याही सर्जनमाशाला हात लावूच नका: शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खाचेत मिटलेलं पातं असतं, शेपटी वळली की ते उघडतं आणि खोल चिरतं.