साइट उघडते पण रन होत नाही? प्लॅटफॉर्म बदलू नका मॅडम, आधी हे करा

मॅडम, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या लॅबचे ते दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय की आठवी-नववीच्या मुलांसाठी ब्राउझरमध्येच पायथन भाषेतले प्रोग्राम लिहून चालवायचा एडिटर घेतलाय, पान उघडतं, कोडही लिहिता येतो, पण रन दाबलं की नुसतं गोल फिरत राहतं, आणि संस्थेचं ऑफिस म्हणतंय साइट चालू आहे. म्हणून दुसरा कुठला प्लॅटफॉर्म घ्यावा असं विचारताय. माझं स्पष्ट मत, काहीही बदलू नका. दुसरा घेतलात तरी नव्वद टक्के हेच होणार, कारण अडचण एडिटरमध्ये नाहीये, मधल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवरचं काय येऊ द्यायचं आणि काय अडवायचं ते ठरवणाऱ्या फिल्टरमध्ये आहे. (मी नेटवर्कवाला नाही, लॅब सांभाळणारा शिक्षक आहे, त्यामुळे कुठे चुकत असेन तर जाणकारांनी दुरुस्त करा.)

खात्री करायची असेल तर एकच मशीन घ्या, शाळेचं नेट काढा, मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि तोच कोड रन करा. चालला की विषय संपला, दोष नेटवर्कचा. नाही चालला तर ब्राउझर बघा. विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही, तिथे फायरफॉक्स ११५ चं ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारं) व्हर्जन टाका. आणि हो, मशीनची तारीख बघा, जुन्या लॅबमध्ये सीमॉसचा, म्हणजे मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा, सेल गेलेला असतो, तारीख पंधरा वर्षं मागे गेलेली असते आणि मग सर्टिफिकेटची एरर येऊन निम्म्या साइट्स उघडतच नाहीत, लोक उगाच नेटला शिव्या घालत बसतात.

आता फायरवॉलचं नक्की काय होतं ते सांगतो, कारण हे नीट समजलं नाही तर ऑफिसशी बोलताच येत नाही. ब्राउझरमधला एडिटर दिसतो एक साइट, पण त्याचे तुकडे चार ठिकाणांहून येतात. बरेच पायथन एडिटर पायोडाइड वापरतात, म्हणजे अख्खा पायथन वेबअसेंब्लीत (ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या कोडमध्ये) बनवून मुलाच्या मशीनवरच उतरवतात, आणि ती फाइल बहुतेक वेळा एडिटरच्या स्वतःच्या साइटवरून न येता जेएसडिलिव्हर नावाच्या सीडीएनवरून, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या वेगळ्याच सर्व्हरवरून येते. एडिटरचं डोमेन उघडलं आणि सीडीएन बंद ठेवलं की तुमच्यासारखंच होतं, पान दिसतं, पायथन येत नाही. काही फायरवॉल तर वॅझम, म्हणजे वेबअसेंब्लीची, फाइल अनोळखी म्हणून थेट अडवतात. दुसऱ्या प्रकारात कोड त्यांच्या सर्व्हरवर चालतो, तिथे वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन लागतं, ते मधल्या जुन्या प्रॉक्सी सर्व्हरने तोडलं की टर्मिनल कनेक्टच होत नाही. स्क्रॅचचंही (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची साइट) असंच आहे, मांजर दिसते पण लायब्ररी उघडली की चित्रं रिकामी, कारण ती असेट्सच्या, म्हणजे चित्रं-आवाजांच्या, वेगळ्या सबडोमेनवरून येतात. म्हणून ऑफिसला करायच्या अर्जात "स्क्रॅच डॉट एमआयटी डॉट ईडीयू आणि त्याखालची सगळी सबडोमेन" असं लिहायचं, नुसतं मुख्य नाव नाही.

आमच्याकडे एक अख्खं सत्र कुठे गेलं ते सांगतो. ऑफिसचं नाव घेत नाही. आमची लाइन आणि फायरवॉल दोन्ही त्यांच्या हातात, शाळेत बसून आम्हाला काहीच बदलता येत नाही. हेडमास्तरांच्या सहीने अर्ज गेला, आवक नंबर पडला, बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, "सदर संकेतस्थळ सुरू करण्यात आले आहे." आम्ही मुलांना लॅबमध्ये बसवलं आणि रन दाबलं तर तेच गोल. परत फोन केला तर म्हणाले आमच्याकडे उघडतंय. अहो, तुमच्याकडे उघडणारच ना, तुमच्या ऑफिसच्या लाइनला तो फिल्टरच नाही! आणि त्यांनी बघितलं काय, तर होमपेज. रनचं बटण त्यांच्यापैकी एकानेही दाबलं नव्हतं. दुसरा अर्ज केला तर "एकदा परवानगी दिलेली आहे" असा शेरा मारून परत. एका साहेबांनी तर सांगितलं की मुलांना टायपिंग शिकवा, कोडिंग कशाला हवंय. राग येतो हो अजून. त्या बॅचची मुलं वहीत प्रोग्राम लिहायची, मी फळ्यावर आउटपुट लिहायचो, आणि नववीतून दहावीत गेली तरी आपण लिहिलेला लूप पडद्यावर फिरताना त्यांनी पाहिला नाही. दहावीला लॅबचा तास नसतो, त्यामुळे त्यांना ते परत मिळालंही नाही. सुटलं कसं, तर लाइन दुरुस्त करायला आलेल्या टेक्निशियनने फायरवॉलचा लॉग उघडला, अडलेली डोमेन दिसली, त्याने वर फोन लावला आणि चहा येईपर्यंत काम झालं. एवढंसंच काम होतं ते.

तेव्हापासून मी अर्ज वेगळा लिहितो आणि तुम्हीही तसाच लिहा. आधी लॅबच्या मशीनवर एडिटर उघडून एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा, पान रिफ्रेश करा, रन दाबा आणि लाल झालेल्या किंवा पेंडिंग राहिलेल्या सगळ्या ओळींची डोमेन उतरवून घ्या, स्क्रीनशॉट काढा. हीच यादी अर्जाला जोडा. वेबसॉकेट लागत असेल तर तसं स्वतंत्र वाक्य लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम झालं कधी मानायचं ते अर्जातच लिहून टाका: "शाळेच्या लॅबमधील संगणकावर प्रोग्राम रन होऊन आउटपुट दिसल्यावरच अर्ज निकाली काढावा." हे वाक्य नसेल तर ते होमपेज बघून फाइल बंद करतात, आणि बंद झालेली फाइल परत उघडून घेणं म्हणजे नवीन अर्जापेक्षा जड काम.

उत्तर येईपर्यंत मुलांना थांबवू नका, हे मनापासून सांगतोय. स्कल्प्ट बघा. तो जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला पायथन आहे, दोन जेएस फाइली आणि तुमचं एक साधं एचटीएमएल पान पेनड्राइव्हवर टाकून प्रत्येक मशीनवर कॉपी केलं की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालतो, टर्टलसुद्धा (कोडने पडद्यावर रेघा काढणारं) चालतं आणि त्या वयाच्या मुलांना टर्टलनेच गोडी लागते. फक्त कॉन्फिगर करताना पायथन ३ निवडा, नाहीतर ५ ला २ ने भागलं की उत्तर २ येतं आणि मुलं गोंधळतात. नमपाय, पांडाज या जोडलायब्रऱ्या नाही चालणार, पण आठवी-नववीला ते लागतंय कुठे. बाकी थॉनी (मशीनवर इन्स्टॉल करायचा पायथन एडिटर) आणि स्क्रॅचचं डेस्कटॉप व्हर्जन आहेच, ते इन्स्टॉल करून ठेवाच. ज्युपिटरलाइट (ब्राउझरमध्ये चालणारी पायथनची वही) लॅबच्या एका मशीनवर ठेवावं असं कोणी सुचवेल, चांगलं आहे, पण सेटिंग न बदलता ठेवलंत तर तेही पायोडाइड बाहेरच्या सीडीएनवरूनच मागतं, म्हणजे परत त्याच फायरवॉलपाशी येणार.

काही जण म्हणतील की मग ब्राउझर सोडाच, सगळं ऑफलाइन करा. मला नाही पटत. मूल घरी जाऊन आईच्या मोबाईलवर तोच प्रोग्राम उघडून दाखवतं ही गोष्ट इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. पण एकाच कंपनीच्या भरवशावर वर्षाचं नियोजन करू नका. ब्राउझरमध्ये कोड लिहायच्या साइट्सचंच बघा, रेप्लिटने शाळांसाठीचं टीम्स फॉर एज्युकेशन २०२४ मध्ये बंद केलं, ग्लिचने २०२५ मध्ये प्रोजेक्ट होस्टिंग बंद केलं, फुकट आहे तोवर आहे. त्यामुळे मुलांचं काम दर तासाला फाइल म्हणून उतरवून घ्यायचं, ब्राउझरमध्ये आपोआप सेव्ह झालंय यावर अजिबात विसंबू नका. तुमच्या लॅबमध्ये रीस्टार्ट झाल्यावर मशीन मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर असेल तर ते कॅशसकट (ब्राउझरने साठवलेल्या फाइलींसकट) सगळं पुसतं, आणि मग पायोडाइडही प्रत्येक तासाला नव्याने उतरतो, सगळी मशिन्स एकदम उतरवायला लागली की लाइन झोपते. तास सुरू व्हायच्या आधी पानं उघडून एकदा रन करून ठेवा.

अकाउंटचं विचारलं नाहीत तरी सांगतो. मुलांचे ईमेल कुठेही देऊ नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मी वकील नाही, नक्की कसं करायचं ते शाळेने विचारून घ्यावं. स्क्रॅचचं शिक्षक अकाउंट काढलं तर मुलांची अकाउंट्स त्यांच्या ईमेलशिवाय करता येतात, आणि नुसता एडिटर वापरायला तर लॉगिनही लागत नाही.

अजून एक, तुमची मुलं मराठी माध्यमाची आहेत म्हणून. थॉनीत म्हणजे खऱ्या पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, "बेरीज", "गुण" काहीही. मुलाने इनपुटमध्ये १२ देवनागरीत टाईप केलं तरी इंट हे फंक्शन त्याचा आकडा करून देतं, पण कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला की सिंटॅक्स एरर. सुरुवातीचे दोन-तीन तास असं शिकवून बघा, इंग्रजीला बिचकणारी मुलंही हात वर करतात.

एफ१२ च्या लाल ओळी आणि ब्राउझरचं व्हर्जन इथे टाका, मशिन्स विंडोज ७ ची आहेत का १० ची तेही लिहा. डोमेनची यादी आली की अर्जाचा मसुदा मी करून देतो, हेडमास्तरांच्या सहीसाठी लेटरहेड फक्त तुमचं लागेल.