वाचकांचे प्रश्न : वेगवान गाडीचे टायर आणि घाटातला पाऊस

प्रश्न : गेल्या दिवाळीत मी जर्मन बनावटीची, दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. तिला पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ या मापाचे (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत कडेची उंची आणि इंचांत रिमचा व्यास) रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर असून ते आता संपत आले आहेत. शर्यतीच्या ट्रॅकवर वापरतात तसे ‘ट्रेडवेअर २००’ (टायरवर छापलेला झिजेचा आकडा) असलेले टायर घ्यावेत आणि मागे २७५ रुंदीचे बसवावेत, असा मित्रांचा आग्रह आहे. गाडी मी रविवारी यवतेश्वरमार्गे कासला, कधी मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला आणि अधूनमधून महामार्गाने पुण्याला नेतो. पकड उत्तम हवी, खर्चाची तयारी आहे. कोणते टायर घ्यावेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ट्रेडवेअर २०० चे टायर आपण घेऊ नयेत आणि मागच्या टायरची रुंदीही वाढवू नये, असे माझे मत आहे. आपण खर्चाला तयार आहात, म्हणूनच तो कशावर करावा हे थोडे सविस्तर सांगतो.

रबराची रस्त्यावरची पकड मुख्यतः दोन प्रकारे निर्माण होते. डांबरातून वर आलेल्या खडीच्या टोकांभोवती रबर दबते, घसरू लागताना त्याचा आकार पुन्हा पुन्हा बदलतो आणि त्या बदलात ऊर्जा खर्ची पडते, हा पहिला प्रकार. कोरड्या आणि स्वच्छ रस्त्यावर रबराचे रेणू पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात व सुटतात, हा दुसरा. रस्ता ओला झाला की मधल्या पाण्याच्या थरामुळे दुसरा प्रकार बराचसा निकामी होतो आणि सारी भिस्त पहिल्यावर येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोटारींच्या टायरांत कार्बन ब्लॅकच्या (रबरात मिसळायच्या काजळीच्या) जोडीने किंवा त्याच्या जागी सिलिका वापरली जाऊ लागली, ती याच कारणाने महत्त्वाची ठरली. तिच्यामुळे गाडी सरळ चालत असताना रबरात ऊर्जा कमी वाया जाते, पण खडीच्या बारीक टोकांवरून घसरण्याची वेळ आली की तेच रबर अधिक ऊर्जा शोषते. ओल्या रस्त्यावर आजचे चांगले टायर पूर्वीपेक्षा एवढे सरस का वाटतात, याचे बरेचसे उत्तर या रसायनात आहे.

ट्रॅकसाठीच्या टायरचे रबर सलग ब्रेक आणि सलग वळणे यांनी चांगले तापल्यावर आपला खरा गुण दाखवते. श्रावणातल्या सरींत केळघर घाट चढताना ते तेवढे तापणार नाही. शिवाय अशा टायरांची नक्षी बेतशीर असते, खाचा कमी आणि बहुधा उथळ असतात, आणि पाणी बाहेर फेकण्याची त्यांची क्षमता त्या प्रमाणात घटते. कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर आपण गाडी नेत असता, तर मीच आपल्याला हे टायर सुचविले असते, आणि तेही वेगळ्या रिमवर चढवून ठेवावेत असे सांगितले असते.

ट्रेडवेअरच्या आकड्याविषयी बराच गैरसमज आढळतो. हा आकडा अमेरिकी सरकारच्या प्रतवारी पद्धतीतला आहे. संदर्भासाठी ठरविलेल्या टायरला १०० धरून झिजेची तुलना केलेली असते, म्हणजे २०० चा टायर त्या चाचणीत दुप्पट टिकणे अपेक्षित असते. तो आकडा उत्पादक स्वतःच ठरवून छापतो, त्यामुळे एका कंपनीचे २०० आणि दुसऱ्या कंपनीचे २०० यांत सरळ तुलना करता येत नाही, आणि पकडीचे माप म्हणून तर त्याकडे पाहूच नये. ब्रिजस्टोनच्या पोटेंझा आरई-७१आरवर २०० हा आकडा असे, तर मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असतो; पावसात मात्र दुसऱ्या जातीचा टायर आपल्या उपयोगाचा. त्याच ओळीत पुढे असलेले ‘ट्रॅक्शन’चे अक्षर, म्हणजे एए, ए, बी किंवा सी, हे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत लावलेल्या ब्रेकपुरतेच आहे, वळणावरच्या पकडीविषयी ते काहीही सांगत नाही. युरोपीय लेबलवर ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते आणि एकाच वर्गातील दोन टायरांत निवड करताना ती पाहण्याजोगी आहे. आपल्याकडच्या लेबलवरील तारे मात्र इंधन बचतीचे असतात. पाच तारे पाहून पकडीची कल्पना करून घेऊ नये.

आता आपल्या रस्त्यांकडे वळतो, कारण निवडीचा निर्णय खरे तर तेच करतात. सातारा शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला साडेपाच हजारांहून अधिक. आणि आपण रविवारी नेमके पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाता. समजा, ३० मीटर त्रिज्येचे एक सपाट वळण आहे. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक १ असेल, तर गणिताने त्या वळणाची मर्यादा ताशी ६२ किलोमीटर येते. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.६ झाला तर ४८. आणि जांभ्याचा लाल चिखल रस्त्यावर वाहून आला असेल व गुणांक ०.३ वर उतरला, तर ३४. कोरड्या हवेत उत्तम टायर आणि अत्युत्तम टायर यांच्यात जो थोडासा फरक असतो, तो घाटात समोरून एसटी येत असताना कोणी वापरून पाहत नाही. ओल्या रस्त्यावरचा फरक मात्र रोजच्या ब्रेकमध्ये कामी येतो. अर्थात सावलीतल्या वळणावरचे शेवाळ, गळीत हंगामात ट्रॉल्यांमधून सांडलेले पाचट आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल यांवर कोणत्याही किमतीच्या टायरपाशी इलाज नाही.

रुंदीचा मोह समजण्यासारखा आहे. टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही, थोडी कमीच वाढते; म्हणून तोच भार रुंद टायरवर दिला तर कोरड्या रस्त्यावर काही लाभ होतो. पण रुंद टायरच्या मध्यावरील पाण्याला बाहेर पडण्यासाठी अधिक अंतर कापावे लागते, आणि साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगाला तरंगू लागतो. त्यात २७५ च्या टायरला साधारण नऊ इंच किंवा त्याहून रुंद रिम लागते. आपली मागची रिम तेवढी रुंद नसेल, तर टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि रुंदीसाठी मोजलेले पैसे वाया जातात. शिवाय फक्त मागची पकड वाढविल्याने गाडीचा मूळ तोल बदलतो आणि वळणावर तिचे नाक बाहेरच्या बाजूला जाऊ लागते.

तेव्हा उत्पादकाच्याच मापात, स्पोर्ट्‌स कारसाठी बनविलेले रस्त्याचे उन्हाळी टायर घ्यावेत. मिशेलिन पायलट स्पोर्ट, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट, गुडइयर ईगल एफ१, ब्रिजस्टोन पोटेंझा या मालिकांपैकी जे आपल्या मापात ताजे मिळेल ते चालेल, पण चारही एकाच जातीचे हवेत. ‘उन्हाळी’ या नावाने बिचकू नये. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचे रबर कडक होते, पण साताऱ्याच्या हिवाळ्यात आपण गाडी काढाल त्या वेळी पारा सहसा एवढा उतरत नाही. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा) आणि कमाल वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे. पुढच्या मापात ८८ म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो आणि ९२ म्हणजे ६३० किलो. मागच्या मापात ९० म्हणजे ६०० आणि ९४ म्हणजे ६७०. वाय हे अक्षर ताशी ३०० किलोमीटरचे आहे. तो वेग आपल्याला कधीच गाठायचा नाही, हे खरे; पण त्या अक्षरामागची मजबूत बांधणी तीव्र वळणावर आणि जोराच्या ब्रेकमध्ये उपयोगी पडते.

रनफ्लॅट ठेवावेत की नाही, यावर जाणकारांतही एकमत नाही. माझा कल साध्या टायरकडे आहे. रनफ्लॅटच्या ताठ कडेमुळे हवा गेली तरी गाडी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर नेता येते, ही मोठी सोय आहे. परंतु त्याच ताठपणामुळे पावसाळ्यातील खड्ड्याचा दणका सरळ रिमवर आणि सस्पेन्शनवर येतो, आणि उखडलेल्या डांबरावर चाक उसळले की तेवढ्यापुरती पकडही जाते. साधे टायर घेतल्यास पंक्चर दुरुस्तीचे साहित्य आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत कायम ठेवावा लागेल, कारण या गाड्यांना बहुधा स्टेपनी नसते आणि घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही. रनफ्लॅट आणि साधे यांची मिसळ करू नये.

एक पर्याय आणखी आहे, जो आपल्या मित्रांना मुळीच आवडणार नाही. ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबून धरणाऱ्या भागाला) अडकत नसतील, तर १७ इंची रिम घेऊन पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० बसवता येतील. चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून वेगाचा काटा बिघडत नाही. पण टायरच्या कडेची उंची पुढे ९० मिलिमीटरवरून १०१ आणि मागे ८९ वरून १०२ होते. हे दहा-बारा मिलिमीटर खड्ड्यात रिम वाचवतात. गाडी दिसायला थोडी साधी होते, हे मान्य. मात्र रिमवर पैसे घालण्यापूर्वी मागच्या मापाचा टायर मिळतो का, याची चौकशी करावी.

उपलब्धता हाच सध्या कळीचा प्रश्न आहे. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत गेल्यामुळे अशी मापे हवी तेव्हा मिळत नाहीत, आणि साताऱ्यात न मिळाल्यास पुण्याहून मागवावी लागतात. पैसे देण्यापूर्वी टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक विचारावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच वर्षाचे असावेत आणि त्यांवर आयएसआय चिन्ह असावे. नवे टायर चढवल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवावेत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर साच्यातील द्रव्याचा गुळगुळीत अंश राहिलेला असतो. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी.

आणि पावसात हवा चार-पाच पौंड कमी केली की पकड वाढते, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. वाळूत ते खरे आहे. ओल्या डांबरावर मात्र हवा कमी असलेला टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाबरोबर वाढतो किंवा घटतो. दरवाजाच्या खांबावरील पट्टीत दिलेला दाब ठेवावा आणि तो सकाळी, टायर थंड असताना मोजावा.

प्रश्न : माझी स्पोर्ट्‌स कार बहुतेक वेळ पत्र्याच्या शेडमध्ये झाकलेली असते. टायर २०१५ सालचे आहेत, पण गाडी फारच थोडी चालल्याने नक्षी नव्यासारखी आहे. तरीही यंदाच्या पहिल्या पावसात विश्रामबागजवळ हलक्या ब्रेकला गाडी सरकली. दोष ब्रेकमध्ये असावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ब्रेक तपासून घ्यावेत, परंतु माझा संशय टायरवर आहे. रबर न वापरताही म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होत जाते, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखालचा ताप त्याला हातभारच लावतो. रबरात मिसळलेली संरक्षक द्रव्ये टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा पृष्ठभागावर येत राहतात, त्यामुळे उभ्या गाडीचे टायर या बाबतीत चालत्या गाडीपेक्षा दुर्दैवी ठरतात. कडक रबर खडीच्या टोकांभोवती नीट दबत नाही, आणि मग खाचा कितीही खोल असल्या तरी ओल्या रस्त्यावर पकड मिळत नाही. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर बदल सुचवतात. आपले टायर ती मर्यादा गाठून बसले आहेत. ते बदलावेत, आणि नव्या टायरांसाठी गाडी पंधरवड्यातून एकदा तरी वीसेक किलोमीटर फिरवावी. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा थर तयार होतो, हे कारणही जोडीला असणारच.

प्रश्न : माझी पुढच्या चाकांवर चालणारी वेगवान हॅचबॅक आहे. पुढचे दोन टायर झिजले, मागचे निम्मे शिल्लक आहेत. दोनच नवे घ्यायचे असल्यास ते पुढे बसवावेत ना? आणि नायट्रोजन भरल्याने पकड वाढते का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नवे टायर मागे बसवावेत आणि मागचे निम्मे शिल्लक असलेले पुढे आणावेत, मात्र चारही एकाच मापाचे असतील तरच. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते. ओल्या वळणावर मागची सुटली तर गाडी गिरकी घेते आणि ती सावरणे सरावाच्या चालकालाही अवघड जाते. खाचांतील उभारांनी दाखवलेली १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा येण्याची वाट पाहू नये. पावसाळ्यासाठी तीन मिलिमीटरला टायर संपला असे समजावे.

नायट्रोजनने पकड वाढत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरावा, नाहीतर ते पैसे दाब मोजण्याच्या चांगल्या गेजसाठी ठेवावेत.