६जी टेस्ट (४५ अंशात तिरका, न फिरणारा पाइप वेल्ड करण्याची परीक्षा) पास झालेल्या वेल्डरचं सर्टिफिकेट किती दिवस चालतं?

एएसएमई सेक्शन ९ मध्ये (वेल्डिंग पात्रतेचा अमेरिकन कोड) ठरावीक मुदत नाही, म्हणून गोंधळ होतो. ज्या प्रोसेसमध्ये (वेल्डिंगच्या पद्धतीत) वेल्डर पास झालाय, ती त्याने सलग ६ महिने वापरली नाही की पात्रता संपली. काम करत राहिला तर चालूच. म्हणून ऑडिटर कंटिन्युइटी रजिस्टर (कोणत्या वेल्डरने कोणती प्रोसेस कधी वापरली याची नोंद) मागतो, आणि नेमकं तेच अर्धवट भरलेलं असतं!

६जी म्हणजे सगळं मोकळं, असंही नाही. वेल्डिंगच्या पोझिशन (आडवी, उभी, डोक्यावरची) सगळ्या मिळतात, पण ६ इंची पाइपवर टेस्ट दिली असेल तर १ इंची पाइपचा बट जॉइंट (टोकाला टोक जोडणं) त्याला देता येत नाही. खालची मर्यादा ७३ मिमी बाहेरचा व्यास.

वेल्डरच्या परीक्षेत बेंड टेस्टऐवजी (जोडाचा तुकडा वाकवून बघण्याऐवजी) एक्स-रे बहुतेक ठिकाणी चालतो. शॉर्ट सर्किट मिगला (कमी उष्णतेच्या वायर वेल्डिंगला) मात्र नाही. तिथला लॅक ऑफ फ्यूजन (धातू नीट एकजीव न होणं) एक्स-रे फिल्मवर सहज नजरेतून सुटतो.