स्टुटगार्टला येताय, तर माणसं कुठे भेटतात ते सांगते

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना स्टुटगार्टच्या फॉयरबाख भागात नोकरी, त्यांचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा युरोपीय परवाना), तुमचा सोबतचा व्हिसा, सात वर्षांचा मुलगा, ऑगस्टमध्ये निघायचं. तुम्ही पुण्यात गणित शिकवता, जर्मन ए-१, म्हणजे भाषेची पहिली पायरी, झालंय. तुम्ही लिहिलंय, "घर कसं शोधायचं आणि तूरडाळ कुठे मिळते हे सगळे सांगतात, पण तिथे चार माणसं ओळखीची कशी करायची हे कुणी सांगत नाही." मी या शहराच्या पश्चिम भागात बरीच वर्षं राहतेय, तेव्हा जे पाहिलंय ते लिहिते. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

इथे ओळख घरी येण्या-जाण्याने सुरू होत नाही. शेजारी हसून "हालो" म्हणतील, दारही धरून ठेवतील, पण "या ना आत" म्हणणार नाहीत. त्यात तुसडेपणा नसतो. इथली ओळख कामातून होते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकाच ठिकाणी तुम्ही वर्षभर जात राहिलात की सहाव्या-सातव्या महिन्यात कुणीतरी तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवतं. म्हणून दहा ठिकाणी डोकावण्यापेक्षा दोनच ठिकाणं निवडा, एक भाषा शिकण्याचं आणि एक हातपाय चालवण्याचं, आणि तिथेच टिकून राहा.

भाषेचं ठिकाण म्हणजे फोल्क्सहोखशूले. सगळे त्याला 'फाऊ-हा-एस' म्हणतात. नावात शाळा असली तरी हे मोठ्या माणसांसाठीचं, शहराच्या मदतीने चालणारं शिक्षण केंद्र आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९च्या राज्यघटनेत अशा संस्थांना सरकारने मदत करावी असं कलमच होतं, आणि स्टुटगार्टचं केंद्रही त्याच वर्षीचं. त्याची मुख्य इमारत रोटेब्यूलप्लात्सला, श्टाट्टमिट्टे स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. फॉयरबाखहून थेट एस-बान, म्हणजे लोकल, आहे. आत जाऊन कार्यक्रमाचं जाडजूड पुस्तक चाळा. जर्मन तर आहेच, शिवाय शिवण, मातीकाम, सायकल दुरुस्ती, फोटोग्राफी, आयकराचं विवरणपत्र कसं भरायचं इथपर्यंत सगळं मिळेल.

तुम्ही जोडीदाराच्या नात्याने येताय आणि तुमचा राहण्याचा परवाना किमान एक वर्ष मुदतीचा असेल, तर सरकारी इंटिग्रेशन कोर्सवर तुमचा हक्क असतो. सर्वसाधारण कोर्स भाषेचे ६०० तास आणि त्यानंतर देशाचा इतिहास, कायदा, समाज यांचे १०० तास असा असतो, आणि तास ४५ मिनिटांचा. खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं. पण हा हक्क परवाना मिळाल्यापासून वर्षभरच टिकतो. आमच्या ओळखीत दोघी-तिघी "आधी घर लावू, मुलाचं मार्गी लागू दे" म्हणत बसल्या आणि मुदत निघून गेली. तेव्हा परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवाना घ्यायला जाल, त्याच दिवशी या कोर्सच्या पत्राचं विचारा. हातात कागद घ्या. इथे तोंडी बोलण्याला किंमत नाही.

त्या वर्गात जर्मन माणूस एकच असतो, शिक्षक. बाकी सीरियन, युक्रेनियन, तुर्की, ब्राझिलियन. काहींना हे खटकतं. मला वाटतं, पहिल्या वर्षीच्या खऱ्या मैत्रिणी इथेच मिळतात, कारण सगळ्यांची गाडी एकाच चिखलात रुतलेली असते आणि बोलायला मोडकीतोडकी जर्मन हीच सामायिक भाषा. ए-२ झालं की मात्र बी-१च्या परीक्षेची वाट न बघता त्याच इमारतीत एखादा भाषेशी संबंध नसलेला वर्ग लावा. शिवण किंवा मातीकाम उत्तम. हात गुंतलेले असले की व्याकरणाची भीती पळते आणि शेजारची बाई "हे असं नाही, असं धर" म्हणून बोलायला लागते. नवीन सत्र शरद आणि वसंत ऋतूत सुरू होतं. चांगले वर्ग भराभर भरतात, म्हणून नोंदणी सुरू झाल्या झाल्या नाव घाला.

आणखी एक सुचवते, कारण तुम्ही शिक्षिका आहात. या केंद्रांत शिकवणारे बहुतेक जण तासाच्या मानधनावर येतात. भारतीय स्वयंपाकाचे आणि योगाचे वर्ग इथे लोकप्रिय आहेत. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कामाची मुभा असते, त्यामुळे जर्मन बऱ्यापैकी आलं की त्या विभागाच्या प्रमुखाला दोन परिच्छेदांचा प्रस्ताव पाठवा. सत्राची आखणी बरीच आधी होते, तेव्हा सहा महिने पुढचं बघून चाला. बटर चिकनऐवजी थालीपीठ, पिठलं, भरली वांगी शिकवा. त्याला स्पर्धा नाही!

आता दुसरं ठिकाण. जर्मनीत ज्याला जे आवडतं त्याचा फेराइन असतो. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. कायद्याने नोंदणीला किमान सात सभासद लागतात, घटना लागते. बहुतेक ठिकाणी अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस असतात आणि दरवर्षी सर्वसाधारण सभा. तुम्हाला आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेची आठवण येईल, फरक इतकाच की इथली सभा वेळेवर सुरू होते. खेळाचे फेराइन तर देशभर ऐंशी हजारांवर आहेत. तुमच्या मुलासाठी पहिला रस्ता हाच. स्टुटगार्ट-वेस्टमधला एम-टी-व्ही नावाचा फेराइन १८४३चा, शहरातल्या मोठ्या क्रीडा मंडळांपैकी एक, पण प्रत्येक भागात लहानमोठं मंडळ असतंच. मुलांच्या जिम्नॅस्टिकचे, फुटबॉलचे, हँडबॉलचे वर्ग खासगी क्लासपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात, कारण शिकवणारे बहुतेक त्याच भागातले आईबाप किंवा मोठी झालेली मुलं असतात.

एक-दोन वेळा फुकट येऊन बघता येतं, तसं सरळ विचारा. सभासद होण्याआधी बाहेर पडायचे नियम वाचा. बहुतेक ठिकाणी वर्गणी वर्षाची असते आणि सोडायचं असेल तर ठरलेल्या तारखेआधी लेखी कळवावं लागतं. नुसतं जायचं बंद केलंत तर पैसे खात्यातून कापले जातच राहतात. टेनिससारख्या काही मंडळांत प्रत्येक सभासदाने वर्षाकाठी काही तास श्रमदान करायचं असतं, नाहीतर त्याचे पैसे भरायचे.

पण मंडळात खरा प्रवेश वर्गणीने मिळत नाही, केकने मिळतो. प्रत्येक सामन्याला, जत्रेला, शाळेच्या कार्यक्रमाला एक यादी फिरते, कोण कुठला केक आणणार याची. त्या यादीवर नाव घाला. इथल्यासारखा केक जमत नसेल तर रव्याचा केक करा, नारळाच्या वड्या न्या, नाहीतर "मी टेबलं लावायला येते" असं लिहा. सकाळी टेबलं लावणारे आणि संध्याकाळी आवरणारे सात-आठ जण हेच त्या मंडळाचं खरं घर असतं. बाकीचे पाहुणे. प्रेक्षकांत बसलेल्या आईला कुणी नावाने ओळखत नाही. कॉफीच्या थर्मासपाशी उभी असलेली सगळ्यांना माहीत असते.

तुम्ही दोघं सह्याद्रीत भटकणारे आहात, तर श्वेबिशर आल्बफेराइन तुमच्यासाठीच आहे असं समजा. १८८८मध्ये इथून जवळच प्लोखिंगेनला स्थापन झालेलं हे भटक्यांचं मंडळ. स्टुटगार्टच्या दक्षिणेला जे श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे, तिथल्या हजारो किलोमीटर पायवाटांच्या खुणा याच मंडळाचे स्वयंसेवक रंगवतात आणि राखतात. गावोगावी शाखा आहेत. बहुतेक चालणारे निवृत्त. ते हळू चालतात, जाडजूड श्वेबिश बोलीत बोलतात आणि तुम्हाला कळलं नाही तर न कंटाळता पुन्हा सांगतात. नवशिक्याला याहून चांगला वर्ग नाही. होहेननॉयफेनचा पडका किल्ला बघाल तेव्हा राजगडाची आठवण काढू नका, तुलनेत बिचारा मारला जाईल. पण वर दमून पोचल्यावर डबे उघडले की माणसं इथलीही तशीच. चाल बहुधा एखाद्या खानावळीत संपते. शाकाहारी असाल आणि अंडं चालत असेल तर चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या पिठाचे नूडल्स, मागवा. माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन, मागवताना विचारा, नेहमीच्या सारणात मांस असतं. लहान मुलं असलेल्यांसाठी काही शाखांचे कुटुंब-गट वेगळे असतात, तेच आधी शोधा, नाहीतर मुलगा आजोबांच्या चालीने वैतागेल.

शेजाराचं सांगायचं तर केअरवोखेबद्दल आधीच ऐका. या भागातली ही खास रीत. बिल्डिंगमधल्या घरांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा, आणि मोठी पाळी असेल तर तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, समोरचा पदपथही. थंडीत बर्फ काढणंही कुणाच्या तरी वाट्याला येतं. हिची मुळं १५व्या शतकाच्या शेवटी निघालेल्या नगर-आदेशापर्यंत जातात. शहराने १९८८मध्ये सक्ती काढली, पण भाडेकरारात ती अजून असते. पाळी आली की दारावर पाटी लटकते. काही जण पैसे देऊन हे काम बाहेरच्याकडून करून घेतात. निदान पहिलं वर्ष तसं करू नका. शनिवारी सकाळी जिन्यावर बादली घेऊन उभ्या राहा. जिने उतरणारी प्रत्येक व्यक्ती थांबेल, काहीतरी बोलेल, बहुतेक वेळा तुमच्या पुसण्यावर टीकाच करेल. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींसारखी एखादी फडका कसा पिळायचा ते दाखवेल आणि जाताना विचारेल, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" रविवारी मात्र ना ड्रिल, ना मशीनचा आवाज. रिकाम्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी डब्यात टाकायच्या नाहीत.

मुलाच्या शाळेतून आपोआप थोडं होईल. प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे वर्गातली मुलं शेजारपाजारचीच. जर्मन येत नसेल तर आधी भाषेच्या तयारीचा वर्ग मिळतो. पालकांच्या पहिल्या सभेला दोघांपैकी एकाने जायचंच, काही कळलं नाही तरी. नोव्हेंबरात सेंट मार्टिनची कंदिलांची मिरवणूक असते, त्याआधी कंदील बनवायला आईबापांना बोलावतात. आकाशकंदील केलेला हात असेल तर तुमची तिथे चंगळ आहे.

शहराचं मोठं ग्रंथालय म्हणजे मायलेंडरप्लात्सचा तो फिकट राखाडी घन, २०११चा, कोरियन वास्तुविशारद उन यंग यी यांचा. फोटो काढायला सगळे जातात. तुम्ही मात्र आपल्या भागातल्या छोट्या शाखेत मुलाला घेऊन जा. गोष्टी वाचून दाखवण्याचा वार विचारा आणि स्वतःही मागे बसून ऐका, मुलांची भाषा आपल्याला पेलते.

भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्याची स्वप्नं बघू नका, एवढ्यात तरी. कायद्याने असा तुकडा ४०० चौरस मीटरपर्यंतच असतो, आणि वेटिंग लिस्ट लांबलचक. नाव घालून ठेवा आणि विसरून जा.

आता मराठी मंडळी. बॉश, मर्सिडीझ, पोर्शे यांच्यामुळे या पट्ट्यात पुण्याची माणसं भरपूर. फॉयरबाख, त्सुफनहाउझन, ब्योब्लिंगेन, झिंडेलफिंगेन कुठेही जा, दुकानात "अगं ते तूप घे" ऐकू येईल. गणपती, दिवाळी, संक्रांतीला जाच. तुम्ही याल त्याच सुमारास गणपती असतात, आजारपणात आणि घर बदलताना हीच माणसं धावून येतात. पण प्रत्येक शनिवार-रविवार आपल्याच चार घरांत फिरत गेला की पाच वर्षांनीही बेकरीत बोट दाखवून पाव घ्यावा लागतो. अशी घरं मी पाहिलीत, आणि त्यांत एकटी पडते ती बहुतेक वेळा बाईच, कारण नवऱ्याला ऑफिस तरी असतं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, त्यामुळे भारताविषयी इथे कुतूहल आहे. उन्हाळ्यात मार्क्टप्लात्सवर परदेशी मंडळांचा मोठा सांस्कृतिक महोत्सव भरतो. तिथे आपल्या लोकांबरोबर खाण्याच्या स्टॉलवर उभं राहणं हा दोन्ही साधणारा मार्ग.

निघण्याआधी पुण्यातच ए-२ उरकून घ्या, मॅक्स म्युलर भवन हाताशी आहे तोवर. इथे आल्यावर पत्त्याची नोंदणी पहिल्या आठवड्यात करा, कारण त्या कागदाशिवाय ग्रंथालयाचं कार्डसुद्धा अडतं. सप्टेंबरच्या मध्यावर शाळा उघडतात आणि मंडळांचे वर्गही उन्हाळी सुट्टीनंतर तेव्हाच पुन्हा सुरू होतात, तुमची वेळ चांगली जुळलीय. शहराचे २३ भाग आहेत, आणि प्रत्येकाची सल्लागार समिती आणि मंडळं वेगळी. घर कुठल्या भागात मिळालं ते कळवा, म्हणजे तिथलं मुलांचं जिम्नॅस्टिक कुठल्या वारी असतं आणि आल्बफेराइनची जवळची शाखा कोणती, ते बघून सांगते.